दूधगंगेकाठचा केवडा : दीड एकर खोडव्याचं एक प्रकरण

प्रकरण चिकोडी तालुक्यातलं आहे. दूधगंगेपासून थोडं आत दीड एकराचा तुकडा, मालक माझे थोरले मामा. जमीन भारी काळी, उन्हाळ्यात भेगांत हात जाईल अशी. वरच्या अंगाला बोअरचं पाणी. खालच्या अंगाला मोठ्या पावसाळ्यात नदीची फुग येते, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर तो भाग पाण्याखालीच होता. लावणीचा ऊस उत्तम गेला. जानेवारीत तोड झाली, मामांनी खोडवा राखला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक, फुटवेही जोमानं आले. मार्च सरता सरता शेंड्याची पानं पिवळी पडू लागली आणि एप्रिलच्या मध्याला वरच्या अंगाचा निम्मा प्लॉट पांढराफटक झाला.

आमच्याकडं याला केवडा पडला म्हणतात. लोह कमी पडलंय, हिराकस (फेरस सल्फेट) मारा, हे बांधावरचा कोणीही सांगेल. तरी हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण इथं लोह दिलेलं होतं, एकदा सोडून बऱ्याचदा, आणि ऊस पांढराच राहिला. वर दोन तपासण्यांचे दोन कागद हातात होते आणि दोन्ही एकच सांगत होते : लोह पुरेसं आहे.

गुंता सुटला तो सरांमुळं. सर म्हणजे माझे एम.एस्सी.चे प्राध्यापक, आता निवृत्त. खानापूरच्या तांबड्या मातीतला, भाताच्या मुलखातला माणूस. उसाची कांडी त्यांनी जन्मात लावलेली नाही. पण सजीव पेशीत धातू कसा शिरतो, कुठं बसतो, त्याला कोण धरून ठेवतं आणि कोण सोडवून घेतं, यातच त्यांची हयात गेली. मी निपाणीला पी.यू. (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मामांचा फोन आला तेव्हा मला आधी सरच आठवले.

आधी काय काय झालं होतं

पान पिवळं दिसलं की पहिला हात युरियाच्या पोत्याला जातो. मामांचाही गेला. खरं तर पहिली खूण तिथंच होती. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून कोंबाला पोचवतं. लोहाचं तसं होत नाही, ते एकदा पानात बसलं की सहजासहजी हलत नाही. त्यामुळं कमतरता नव्या पानात दिसते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे पानभर उभे पट्टे. मामांच्या उसाची खालची पानं हिरवीगार होती.

युरियानं काही झालं नाही. मग सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्र बाटली. मग हिराकसची फवारणी. मग दुकानातून आणलेलं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या एका रेणूनं धरून ठेवलेलं लोह, पाकिटावर ‘फेरस ईडीटीए १२ टक्के’ लिहिलेलं, ड्रिपमधून एकरी अर्धा किलो. तेही एकदा देऊन थांबले नाहीत. पानाचा रंग तसाच.

पुढं माती तपासायला दिली. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून कन्नडमधला कागद आला, पीएच ८.३ म्हणजे अल्कधर्मी, चुनखडी भरपूर, लोह मात्र ‘पुरेसं’ या रकान्यात. खासगी ठिकाणी पान तपासलं, तिथंही एकूण लोह पुरेसं. दोन कागद हातात आल्यावर शेजारच्यांनी निकाल देऊन टाकला की हा केवडा नव्हे, ही गवताळ वाढ आहे, बेट उपटून टाका नाहीतर सगळ्या शिवारात जाईल. गवताळ वाढीचा रोग आमच्याकडं आहेच आणि त्यातही पानं पांढरी पडतात, त्यामुळं बोलणाऱ्याला अगदीच मूर्ख म्हणता येत नव्हतं.

मामांचा प्रश्न सरळ होता. “ऊस ठेवू का रोटर मारून मोडू, तेवढं सरांना विचारून सांग. बाकीचं विज्ञान तुमचं तुमच्यापाशी राहू दे.”

सरांचं काम

सर येण्याआधी त्यांच्या संशोधनाविषयी लिहायला हवं, कारण शेतात त्यांनी जे केलं ते सगळं तिथूनच आलं.

पृथ्वीच्या कवचात सुमारे पाच टक्के लोह आहे. धातूंमध्ये ॲल्युमिनियमनंतर त्याचाच नंबर. तरीही लोहाची भूक ही जीवसृष्टीतली फार जुनी आणि फार पसरलेली भूक आहे. हवेत ऑक्सिजन आहे म्हणून लोह गंजतं, म्हणजे फेरिक रूपात जातं, आणि फेरिक लोह पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पीएच एकानं वाढला की मोकळं फेरिक लोह हजार पटींनी घटतं. आमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मातीच्या पाण्यात जेवढं लोह विरघळलेलं असतं ते पिकाच्या गरजेच्या शेकडो पट कमी असतं.

जिवाणूंनी यावर उपाय काढला. ते लोह पकडणारे रेणू बाहेर सोडतात, त्यांना सिडेरोफोर म्हणतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा एंटेरोबॅक्टिन हा त्यातला गाजलेला. बर्कलीचे प्राध्यापक केनेथ रेमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पकड मोजली : स्थिरांक १० चा ४९ वा घात. टायट्रेशनला आपण वापरतो त्या ईडीटीएची फेरिक लोहावरची पकड १० च्या २५ व्या घाताच्या आसपास आहे. दोन्हींत २४ शून्यांचा फरक.

एम.एस्सी.ला हे ऐकून आम्ही भारावलो होतो. सरांना मात्र पकडीचं फारसं कौतुक नव्हतं. ते विचारायचे, इतकं घट्ट धरलेलं लोह पेशी सोडवते कशी? उत्तर अजब आहे. ई. कोलाय एंटेरोबॅक्टिनचा रेणूच मोडून टाकतो. त्यासाठी वेगळं विकर (एन्झाइम) ठेवलेलं असतं, ते रेणूचे बंध तोडतं आणि तेव्हा कुठं लोह हाती लागतं. एक अख्खा रेणू खर्ची घालायचा, एका अणूसाठी. सरांचं सगळं काम या सुटण्यावर झालं. मातीतल्या जिवाणूंचे सिडेरोफोर, ते पेशीत गेल्यावर लोह कोणत्या टप्प्यावर सुटतं, फेरिकचं फेरस, म्हणजे सहज विरघळणारं रूप, झाल्यावर पकड कशी ढिली पडते. धातूला धरणारा रेणू चांगला की वाईट हे त्याच्या पकडीवरून ठरवू नका, तो योग्य जागी सोडतो का ते बघा, असं ते वर्गात इतक्या वेळा सांगत की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

पेशीच्या आतली शिस्त त्याहून कडक. मोकळं लोह पेशीला परवडत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात आणि ते समोर येईल त्याची नासधूस करतात. ही अभिक्रिया हेन्री फेंटननं १८९४ सालीच नोंदवून ठेवली होती. म्हणून जास्तीचं लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात साठवतात, एका गोळ्यात ४५०० अणूंपर्यंत. तांब्याचं तर आणखी टोकाचं. आयर्विंग आणि विल्यम्स यांनी दाखवलेल्या क्रमानुसार मँगेनीज, लोह, कोबाल्ट, निकेल अशी पकड वाढत जाते आणि तांब्याशी शिखर गाठते, जस्ताशी पुन्हा उतरते. म्हणजे तांबं मोकळं सुटलं तर दुसऱ्या धातूची जागा बळकावणार. १९९९ मध्ये थॉमस ओहॅलोरन यांच्या गटानं यीस्टच्या पेशीचा हिशेब मांडला तर मोकळ्या तांब्याचा सरासरी एक आयनही एका पेशीच्या वाट्याला येत नव्हता. तांबं असतं, पण कायम कोणाच्या तरी हातात. एका प्रथिनानं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, मध्ये कुठं सोडायचं नाही.

हे वाचताना उसापासून फार लांब आलोय असं वाटेल. सरांना तसं वाटलं नाही. फोनवर मी दोन्ही कागद वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “लोह किती आहे हे दोघांनीही सांगितलंय. कोणाच्या हातात आहे ते कुठं सांगितलंय?”

शेतात

सर एका रविवारी निपाणीला आले, तिथून आम्ही मोटारसायकलवर गेलो. मामांनी खुर्ची मांडून ठेवली होती, सर सरळ सरीत जाऊन बसले. आधी मातीचं ढेकूळ घेऊन त्यावर सोबत आणलेल्या बाटलीतलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं. सोडावॉटर फुटावं तसा आवाज करत फेस आला. वरच्या अंगाला जोरात, खालच्या अंगाला कमी. नंतर एक बेट मुळासकट उपटायला लावलं. जुनी मुळं काळी पडून कुजत आलेली, नव्या फुटव्यांची पांढरी मुळं बोटभरच.

गवताळ वाढीचा संशय त्यांनी बघता बघता बाजूला काढला. त्या रोगात बेट गवतासारखं होतं, बारीक काड्यांचा झुबका, आणि पान सगळं सारखं फिक्कट असतं. इथं फुटवे अंगानं जाड होते आणि शिरा स्पष्ट हिरव्या. तरी मामांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक जुना, साधा प्रयोग केला. एक टक्का हिराकसच्या द्रावणात चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि धुण्याच्या पावडरीचा कण टाकला, माझ्या मुलाचा रंगाचा ब्रश घेतला आणि काही पांढऱ्या पानांच्या फक्त डाव्या अर्ध्या भागावर तो फिरवला. पानांना लाल दोरा बांधून ठेवला. रोग असेल तर काही होणार नाही. लोहाची कमतरता असेल तर रंगवलेला अर्धा भाग हिरवा येईल.

आठवड्याभरात मामांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पानाच्या मधल्या शिरेच्या डावीकडं हिरवे ठिपके आणि पट्टे, उजवीकडं पांढरंच. रोटरचा विषय त्या दिवशी संपला.

आता दोन कागदांचं काय?

मातीच्या तपासणीत डीटीपीए नावाचं द्रावण वापरतात. लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये ही पद्धत बसवून दिली आणि लोहाची किमान मर्यादा साधारण किलोला ४.५ मिलिग्रॅम धरतात. मामांच्या मातीचा आकडा त्याच्या किंचित वर होता. पण नमुना घेताना मामांनी वरच्या आणि खालच्या अंगाची माती एकत्र केली होती, म्हणजे आजारी आणि धडधाकट दोघांचा मिळून एकच ताप मोजला गेला. शिवाय डीटीपीए स्वतःच एक दणकट पकड असलेला रेणू आहे आणि द्रावणाचा पीएच ७.३ ला बांधलेला असतो. सर मामांना म्हणाले, “डीटीपीएला जे मिळतं ते उसाच्या मुळाला मिळेलच असं नाही, आण्णा. तपासणी खोटी नाही. तिनं वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंय.”

पानाच्या कागदाची गंमत आणखी मोठी. पांढऱ्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतकं, कधी त्याहून जास्तही निघतं, हे चुनखडीच्या जमिनीत ठिकठिकाणी आढळलेलं आहे. लोह पानापर्यंत पोचलेलं असतं पण पेशीच्या पडद्याबाहेर, भिंतींच्या पोकळीत अडकून पडतं. मामांना हे कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, तोवर त्यांनीच पकडलं : “म्हणजे कारखान्याच्या गेटात ट्रॅक्टर लागलाय, पर काट्यावर गेला न्हाई. गाळप कसं धरायचं?”

अगदी तेच. पेशीच्या आत लोह हवं कारण हरितद्रव्य बांधण्याच्या वाटेवर लोहाची विकरं काम करतात. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, लोह नाही, हे मी दरवर्षी पोरांना सांगतो; पण ते मॅग्नेशियम ज्या घडणीत बसतं ती घडण लोहाविना पुरी होत नाही. पानातलं बहुतेक लोह हरितलवकांतच कामाला असतं.

याची तपासणी भारतातच बसवली गेली आहे. कट्याल आणि शर्मा यांनी १९८० मध्ये दाखवलं की एकूण लोह मोजण्यापेक्षा ताज्या पानातलं फेरस, म्हणजे कामाचं लोह मोजावं. ऑर्थोफिनँथ्रोलिनच्या आम्लयुक्त द्रावणात पानाचे तुकडे रात्रभर बुडवून ठेवायचे. फेरस लोह असेल तर द्रावण नारिंगी होतं. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे रसायन होतंच. मामांच्या शेतातली हिरवी आणि पांढरी पानं धुऊन, कात्रीनं बारीक कापून, दोन चंचुपात्रांत ठेवली. सकाळी एक पात्र गडद नारिंगी, दुसरं पाण्यात केशराची काडी पडल्याइतपत. पोरांनी मोबाईलमध्ये फोटो काढले. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याच प्रयोगाकडं ती इतकं निरखून बघत नाहीत.

दिलेलं लोह गेलं कुठं

सरांनी मामांपुढं एक हिशेब मांडला. एकरातल्या वीतभर थराचं वजन साधारण नऊ लाख किलो. त्यात लोह तीन टक्के धरलं तरी २७ टन होतं, आणि बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत ते याहून जास्त असू शकतं. मामांनी ड्रिपमधून एका वेळी दिलेल्या अर्ध्या किलो पाकिटात लोह किती? ६० ग्रॅम.

“२७ टन असताना आणि मी ६० ग्रॅम विकत घेत हुतो?”

साठ ग्रॅमनंही काम झालं असतं, जर ते मुळापर्यंत पोचलं असतं. ईडीटीए लोहाला बऱ्यापैकी धरतो, पण पीएच साडेसहाच्या वर गेला की हायड्रॉक्साइड लोहाला एका बाजूनं ओढतं आणि मोकळ्या झालेल्या ईडीटीएला दुसऱ्या बाजूनं कॅल्शियम पकडतं. कॅल्शियमची पकड कमकुवत आहे, १० च्या ११ व्या घाताच्या आतच. पण आमच्या जमिनीत ते इतकं आहे की संख्येच्या जोरावर जिंकतं. ईडीटीए कॅल्शियम घेऊन बसतो आणि लोह गंज होऊन मातीला चिकटतं. आम्ही कॉलेजात खात्री केली. मामांची माती, बोअरचं पाणी आणि तेच पाकीट बाटलीत घालून हलवून ठेवलं, काही दिवसांनी गाळलं, आम्ल आणि व्हिटॅमिन सी घालून ऑर्थोफिनँथ्रोलिन टाकलं. मातीशिवाय ठेवलेल्या बाटलीत रंग भडक, मातीच्या बाटलीत जेमतेम.

हिराकसच्या फवारणीचं कोडं तर ड्रममध्येच सुटलं. मामा संध्याकाळी बोअरच्या पाण्यात हिराकस कालवून ठेवत आणि सकाळी मारत. त्या पाण्यात बायकार्बोनेट आहे. आम्ही बादलीत करून बघितलं तर पाणी आधी हिरवट गढूळ झालं आणि थोड्याच वेळात तांबूस गाळ खाली बसू लागला. सकाळपर्यंत ड्रममध्ये गंजाचं पाणी उरत होतं. ते पानावर मारून पानं तांबडी दिसायची आणि नोझल तुंबायचे, एवढंच.

दुकानात याहून महाग लाल पाकीट मिळतं, ईडीडीएचए नावाच्या रेणूतलं लोह. त्याची पकड १० च्या ३५ व्या घाताच्या आसपास, पीएच नऊपर्यंतही टिकतं, आणि अथणीकडचे द्राक्षवाले त्याची तारीफ करतात. मामा तेच आणायला निघाले होते. सरांनी थांबवलं, आणि त्यांचं आयुष्यभराचं काम इथं थेट कामाला आलं.

द्राक्ष आणि ऊस लोह वेगवेगळ्या रीतीनं घेतात. द्राक्षासारखी रुंद पानांची झाडं मुळाशी आम्ल सोडतात आणि मुळाच्या पृष्ठभागावरच फेरिकचं फेरस करून आत घेतात. फेरस झालं की ईडीडीएचएची पकड सुटते, काम झालं. ऊस गवताच्या कुळातला. गवतं जिवाणूंसारखं करतात, स्वतःचा पकडणारा रेणू मुळातून बाहेर सोडतात. जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ मध्ये भात आणि ओट्सच्या मुळांच्या स्रावात हे पहिल्यांदा दाखवलं. म्युजिनिक आम्लाच्या कुळातले हे रेणू. लोह पकडलेला अख्खा रेणूच मूळ आत ओढून घेतं. मक्यात हा ओढून घेणारा वाहक नसेल तर रोप पिवळ्या पट्ट्यांचं होतं आणि त्याच्या जनुकाचं नावही त्यावरूनच ठेवलंय. तर उसाच्या रेणूला ईडीडीएचएच्या हातातून लोह काढून घ्यावं लागतं, आणि ईडीडीएचए लवकर सोडत नाही. मातीपुढं टिकणारा हा वाहक उसापुढंही टिकून बसतो. लाल पाकीट उसाला अगदीच निरुपयोगी नाही, पण द्राक्षाला जितकं फळतं तितकं फळणार नाही आणि पैसा मात्र तितकाच जाणार.

गवतांतही सगळी सारखी नाहीत. बार्ली आणि गहू हा रेणू सढळ हातानं सोडतात. मका, ज्वारी, भात हात आखडता घेतात, आणि ऊस ज्वारीचा जवळचा भाऊबंद. बार्लीमध्ये असंही दिसलंय की हा स्राव दिवसभर सारखा नसतो, सूर्य उगवल्यानंतरच्या काही तासांत तो जास्तीत जास्त असतो. हे ऐकून मामांची कळी खुलली. “म्हणजे पिकंबी न्याहारी करूनच कामाला लागत्यात.”

खोडव्यातच हे का व्हावं आणि लावणीत का नाही, याचं उत्तर त्या उपटलेल्या बेटात होतं. तोडीनंतर जुनी मुळं मरत जातात, फुटवे मात्र जोरात वर येतात. वर मागणी वाढलेली आणि खाली नवी मुळं बोटभर. त्यात युरियाचा जादा मारा, त्यात डीएपी हे स्फुरदाचं खत; स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं तर लोहाची अडचण आणखी वाढते. आणि उन्हाळ्यात पूर्ण भिस्त बोअरवर, म्हणजे प्रत्येक पाण्याबरोबर बायकार्बोनेटचा एक डोस, जो मुळाजवळचा पीएच खाली उतरूच देत नाही.

काय केलं आणि काय झालं

उपाय नवा एकही नाही, हे मुद्दाम सांगतो. फवारणीला शंभर लिटर पाण्यात आधी शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवायचं, मग अर्धा किलो हिराकस. क्रम उलटा नको. हिराकस हिरवे खडे असलेलंच घ्यायचं. तपकिरी पडलेलं दुकानदाराला परत द्यायचं. कालवलं की लगेच, ऊन उतरल्यावर मारायचं. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पुन्हा. सायट्रिक ॲसिड पाण्यातलं बायकार्बोनेट मारतं आणि लोहाला धरतं, पण हलकंच; पानात शिरल्यावर सोडून देतं.

जमिनीतून एकरी दहा किलो हिराकस, पण थेट नाही. दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा ठेवून, आठवडाभर सावलीत मुरवून मग बेटाच्या बगलेला चळी (उथळ चर) घेऊन झाकायचं. ही शिफारस महाराष्ट्रातल्या ऊसवाल्यांना पाठ आहे आणि लोक ती आळसानं टाळतात. सरांनी त्या ढिगात हात घालून वास घेतला आणि खूश झाले. शेणखत कुजताना जी सेंद्रिय आम्लं तयार होतात ती लोहाला धरतात, जिवाणूंचे सिडेरोफोरही त्यात असतात. “मी प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये करत होतो ते हे लोक पाटीनं करतात,” असं ते मला हळूच म्हणाले.

युरियाचा काही भाग अमोनियम सल्फेटनं बदलला, कारण अमोनियम घेताना मूळ बाहेर आम्ल सोडतं. डीएपी बंद. लाल पाकीट फक्त दोन सऱ्यांना, बघण्यापुरतं. हट्ट मामांचा होता.

फवारलेली पानं पहिल्या दोन फवारण्यांतच ठिपक्याठिपक्यांनी हिरवी झाली. पण फवारणीनंतर आलेलं नवं पान पुन्हा फिक्कटच निघे, कारण पानावर दिलेलं लोह त्याच पानात राहतं. मामा त्यामुळं मध्ये एकदा वैतागले. मे महिन्याअखेरीस, शेणखताचा डोस मुळाशी जाऊन नवी मुळं वाढल्यावर, शेंडा आपोआप हिरवा निघू लागला. जूनमध्ये वळीव आणि मग मोसमी पाऊस पडला, बोअर बंद झाली आणि वरचं अंग बघता बघता सावरलं. यात पावसाचा वाटा मोठा होता. दुकानदार असता तर सगळं श्रेय बाटलीला गेलं असतं. लाल पाकिटाच्या दोन सऱ्या हिराकस-शेणखताच्या सऱ्यांपेक्षा उजव्या दिसल्या नाहीत.

तोडीला वरच्या अंगाचा ऊस पेऱ्यांनी आखूडच भरला. एप्रिल-मेमध्ये गेलेली वाढ परत येत नाही.

सरांनी जाताना मुळाभोवतीची माती डबीत नेली होती. श्विन आणि नीलँड्स यांनी १९८७ मध्ये काढलेली एक सुंदर चाचणी आहे : निळ्या रंगाच्या थरावर जिवाणू वाढवायचे, जो सिडेरोफोर सोडतो त्याच्याभोवती निळ्याचं नारिंगी होतं. ती करून सरांनी पाठवलेल्या फोटोत जिवाणूंच्या बऱ्याच वसाहतींभोवती ठसठशीत नारिंगी वर्तुळं होती. हे बघून मी विचारलं की हेच जिवाणू वाढवून शेतात सोडले तर? अशा बाटल्या आता बाजारातही दिसतात. सर म्हणाले, “जिवाणू सिडेरोफोर स्वतःसाठी करतो. मामांच्या मातीत ते आधीच आहेत आणि ऊस तरी पांढरा पडला. त्यांना शेणखत घाला, वेगळी बाटली कशाला?”

राहिला खालच्या अंगातला एक कोपरा. बाकी खालचं अंग धडधाकट होतं, पण तिथं चुनखडी कमी असूनही केवडा हटला नाही. तिथली अडचण पाण्याची आहे. माती सतत ओली, वाफसाच येत नाही, मुळांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड अडकून त्याचं बायकार्बोनेट होतं, म्हणजे बोअर बंद असतानाही तोच त्रास. हिराकसनं त्यावर काही होणार नाही, चर काढून पाणी बाहेर काढावं लागेल. चर जायचा तर खालच्या शेजाऱ्याच्या बांधातून जाणार, आणि शेजारी हेच ते गवताळ वाढवाले. ते म्हणतात, तुमचं पाणी माझ्यात कशाला? मामांनी गावातल्या चार जाणत्यांना मध्ये घातलंय. चर होईपर्यंत त्या कोपऱ्यात खोडवा राखायचा नाही, ताग पेरून गाडायचा, असं ठरलंय.